‘फिट्झमस’ म्हणजे कोणाचा सण?

चाळणी: अमेरिकन राजकारणावरचं २००५ च्या सुमाराचं लिखाण वाचतोय. ‘प्लेमगेट’ समजलं, निक्सनला भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाचं ‘गेट’ हे शेपूट. पण ‘फिट्झमस’ काय भानगड आहे? असे शब्द ब्लॉगर मंडळी सुचेल तसे ठोकून देतात की त्यालाही काही रीत असते?

रात्रपाळी: अहो, आम्ही तो सण साजरा केलाय! व्हॅलरी प्लेम सीआयएची गुप्त अधिकारी आहे हे रॉबर्ट नोव्हाकने जुलै २००३ च्या स्तंभात छापलं. नाव फोडलं कोणी, हे शोधायला पॅट्रिक फिट्झजेरल्ड हे विशेष वकील नेमले गेले. त्यांच्या कार्यालयातून काहीच बाहेर झिरपत नसे. मग बातमी नाही म्हटल्यावर लोक करणार काय? ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोपपत्र ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, आज कोण गेलं, कोणाचा वकील गप्प आहे, यावरच रात्र-रात्र खल. ऑक्टोबर २००५ मध्ये ग्रँड ज्युरीची मुदत संपत आली, तशी बुशविरोधी ब्लॉगरांना नाताळ जवळ आल्यासारखं झालं. फिट्झ अधिक ख्रिसमस, झालं फिट्झमस. भेटीच्या यादीत सगळ्यात वर बुशचे राजकीय सल्लागार कार्ल रोव्ह!

२८ ऑक्टोबरला पोतडी उघडली, तर आत एकटा स्कूटर लिबी. तो उपाध्यक्ष चेनींचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे मासा लहान नव्हेच. पण रोव्हवर आरोपपत्र आलं नाही ते नाहीच, आणि शब्दही हळूहळू विरला. तारखेला टांगलेला शब्द तारीख उलटली की संपतो.

मधलाओळ: गेटचं शेपूट वाढवण्यात विल्यम सफायरचा हात मोठा. निक्सनचाच जुना भाषणलेखक, पुढे न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्तंभ लिहायचा. कार्टरच्या भावाने लिबियाकडून पैसे घेतले की लगेच बिलीगेट! ऊठसूट गेट लावलं की निक्सनचं पाप आपसूक हलकं होतं, हा हिशेब त्यात असावा असं मला कायम वाटत आलंय.

चाळणी: मग ‘स्विफ्टबोटिंग’ कसं टिकलं? तेही २००४ चंच ना?

रात्रपाळी: कारण ते एका घटनेपुरतं राहिलं नाही. २००४ च्या निवडणुकीत बुशविरुद्ध उभे असलेल्या जॉन केरींची व्हिएतनाम युद्धातली कामगिरी हा त्यांचा हुकमी एक्का होता, ते तिथे ‘स्विफ्ट बोट’ या नौदलाच्या गस्ती बोटीवर होते. काही माजी सैनिकांच्या गटाने जाहिराती काढून नेमकं त्यावरच चिखल उडवला. माणसाची जमेची बाजू हेरून तिथेच घाव घालायचा, या डावाला तोवर सुटसुटीत नाव नव्हतं. केरी समर्थकांनी त्याचं क्रियापद करून टाकलं. डाव पुन्हा खेळला जातो, म्हणून शब्द पुन्हा लागतो. अर्थात ज्यांनी त्या जाहिराती काढल्या त्यांना हा अर्थ बिलकूल मान्य नाही. त्यांच्या लेखी त्यांनी खरं तेच सांगितलं.

ब्लॉगरांचे असले शब्द वाचताना तो आधी कोणत्या गोटातून आला ते बघा. फिट्झमस म्हणणारा माणूस कोणाच्या बाजूचा, हे त्या काळी वेगळं विचारावं लागत नसे.