७ आठवड्यांच्या बाळाच्या टाळूवर पिवळट खपल्या, घरच्या घरी काय करता येईल?

पहिलटकरीण
बाळ ७ आठवड्यांचं आहे. टाळूवर आणि कपाळाच्या वर पिवळट, चिकट खपल्या जमल्यात, भुवयांतही थोडा कोंडा दिसतो. बाळ चिडचिड करत नाही, दूध नीट पितं. रोज सकाळी मालिशवाल्या मावशी टाळू भरतात, वरून वेखंडाची पूड लावतात आणि तेल दिवसभर तसंच राहतं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: नाशिकची थंडी, डोकं कोरडं पडलंय, अजून तेल घाला. बेसन-साय, कापूर घातलेलं खोबरेल, लिंबू असे उपाय सुचवले जातायत. यातलं काय करावं?

गोदाकाठ
ताई, हे कोरडं डोकं नाही, तेलकट डोकं आहे. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे बाळाच्या तैलग्रंथी पहिले काही महिने जोरात चालतात. सुटणारी त्वचा त्या तेलात चिकटून थर बसतो. त्यात मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते, तीही तेलावरच पोसते. थंडीने कोरडं पडलेलं डोकं वेगळं दिसतं: पांढरा भुगा, फुंकर मारली तरी उडणारा. तुमच्या वर्णनातला थर चिकट आणि पिवळट आहे.

म्हणून तेल लावायचं ते खपली भिजवायला, आणि भिजली की धुऊन काढायचं. अंघोळीच्या १५-२० मिनिटं आधी अर्धा चमचा खोबरेल फक्त खपल्यांवर चोळा. थंडीत ते गोठतं, तेव्हा बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करा. कढल्यात तापवू नका, हाताला कोमट वाटणारं कढल्यातलं तेल तळाशी चटका देण्याइतकं गरम असू शकतं. मग बाळांच्या मऊ ब्रशने किंवा मलमलच्या फडक्याने हलक्या हाताने गोल गोल फिरवा. जे सुटेल तेवढंच काढायचं. नखाने किंवा फणीने खरवडलं तर खालची त्वचा सोलते, आणि पू होतो तो तिथूनच.

नंतर वाटाण्याएवढा बेबी शाम्पू तळहातावर पाण्यात फेसून लावा. एका धुण्यात तेल निघत नाही, दोनदा धुवा. बोट फिरवल्यावर केस बुळबुळीत लागले तर तेल अजून आहे. टॉवेलने चोळू नका, टिपा. हे आठवड्यातून २-३ वेळा पुरे. मधल्या दिवशी नुसता कोरडा ब्रश. खपलीबरोबर चार केस आले तर घाबरू नका, परत येतात.

दुपटं
वर सगळं आलंय. उपायांची यादी मात्र एकेक करून बाद करते, कारण घरात उत्तर द्यावं लागतं.

कापूर: अजिबात नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात किंवा त्वचेतून गेला तर झटके येऊ शकतात. लिंबू, व्हिनेगर, कांद्याचा रस: सोललेल्या त्वचेवर आग होते. बेसन वाळताना ओढतं आणि त्याचे कण खपल्यांत अडकतात. शिवाय फुटलेल्या त्वचेतून साय, बेसन, शेंगदाणा तेल असे खाण्याचे पदार्थ गेले तर पुढे त्यांची ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. मध वर्षाच्या आत नको, हात तोंडात जातात. मोहरीचं तेल त्वचेला चुरचुरतं. रिठा डोळ्यांत गेला की संपलंच.

वेखंडाची पूड तेलावर बसून लगदा होतो, तुमचा अर्धा थर बहुधा तोच आहे. पूड श्वासातही जाते. मावशींना सांगा, टाळू भरा पण अंघोळीच्या आधी, नंतर नाही. परंपराही राहते. आणि आईने आंबट खाल्लं म्हणून हे होत नाही, तो वाद घरात मिटवून टाका.

पहिलटकरीण
टाळूवर ब्रश फिरवायची भीती वाटते, खाली हाड नसतं ना. आणि आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फेसच होत नाही.

गोदाकाठ
भीतीनेच तर सगळे टाळू सोडून बाकी डोकं धुतात, आणि थर नेमका तिथेच वाढतो. हाड नसलं तरी खाली जाड पडदा असतो. ब्रशचे दात वाकणार नाहीत इतक्याच दाबाने फिरवा. टाळू १२ ते १८ महिन्यांत भरते, तोवर थांबणार का?

जड पाण्यात साबणाचा पांढरट साका केसांत राहतो, म्हणून डोक्याला साबण वापरू नका. शेवटचा तांब्या गोदेच्या नळाच्या किंवा फिल्टरच्या कोमट पाण्याचा घाला. निफाडचा पारा उतरला की दिवसभर लोकरी टोपरं चढतं, त्यात डोकं घामेजतं. आतून सुती टोपी घाला, रोज बदला.

लिंबलोण
बहुतेक बाळांचं हे ६ महिने ते वर्षात आपोआप जातं. लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांना दाखवून ठेवा. लगेच जायचं ते खपलीखालून पाणी किंवा पू आला, वास मारला, ताप आला, मानेच्या-काखेच्या वळ्यांत किंवा लंगोटाच्या जागी लालसर पसरलं, किंवा बाळ डोकं उशीवर घासायला लागलं तर. घासणं म्हणजे खाज, आणि खाज असली की एक्झिमाचा विचार करावा लागतो. मेडिकलवाल्याकडून स्वतःहून मलम आणू नका, त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पूही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. भुवयांना तेलाचा बोळा फिरवून ५ मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, तेल डोळ्यांत उतरू देऊ नका.