कॉलेज क्वार्टरबॅकचा थ्रो सुधारेल की नाही, कसं ओळखायचं?

कोलंबसकर: मंडळी, ओहायोत आल्यापासून अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय. मुलाच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक (टीमचा मुख्य पास फेकणारा) दुसऱ्या वर्षाला आहे, हातात नुसती तोफ, ६० यार्ड सहज फेकतो, पण ८ यार्डावरचा साधा पास रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. सगळे म्हणतात मेकॅनिक्स, म्हणजे फेकायची पद्धत, खराब आहे. म्हणजे नेमकं बघायचं काय? आणि हे सुधारतं का खरंच?

गल्लीक्रिकेट: दादा, हात बघूच नका, पाय बघा. बाउंड्रीवरून कीपरकडे फेकताना पुढचा पाय कुठे पडतो त्यावर सगळं ठरतं ना, तसंच हे. उजव्या हाताचा असेल तर डावा पाय टार्गेटच्या दिशेने पडायला हवा, तो आडवा पडला की कंबर अडकते, मग सगळा जोर एकट्या हाताने काढावा लागतो आणि बॉल भरकटतो. पाऊल फार लांब टाकलं की बॉल वर जातो, तुमच्या क्वार्टरबॅकचं बहुतेक हेच असणार.

बफेलोवाली: सुधारतं की, क्वार्टरबॅक जॉश ॲलन बघा! वायोमिंग युनिव्हर्सिटीत २०१६ आणि २०१७ दोन्ही वर्षं कम्प्लीशन (रिसीव्हरने पकडलेले पास) ५६ टक्के, तरी २०१८ च्या NFL ड्राफ्टमध्ये (प्रो टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) बफेलो बिल्सनी सातव्या नंबरवर घेतला तेव्हा किती लोकांनी नावं ठेवली होती. पहिल्या सीझनला ५२.८ आणि तिसऱ्याला थेट ६९.२! क्वार्टरबॅक कोच जॉर्डन पामरकडे जाऊन त्याने कंबर आणि पायांवर मरमर मेहनत घेतली, मी प्रत्येक मॅच बघितलीये, फरक डोळ्यांना दिसत होता. अर्थात २०२० ला डिग्जसारखा रिसीव्हर आला, त्याचाही वाटा आहेच.

साईडलाईन: ताई, ॲलन एखादाच असतो हो. अँथनी रिचर्डसन बघा, तसाच धिप्पाड, तसाच हात, कॉलेजात फक्त १३ मॅच स्टार्ट केल्या आणि २०२३ ला कोल्ट्सनी चौथ्या नंबरला उचलला, २०२४ ला कम्प्लीशन ४८ च्याही खाली. आणि क्वार्टरबॅक टिम टीबो? बॉल पार कमरेपाशी नेऊन मग फेकायचा, २०१० च्या ड्राफ्टआधी ती सवय मोडायला खूप खपला, पण मॅचमध्ये अंगावर माणूस आला की परत तेच. माझं मत स्पष्ट आहे, पायांची चूक सुधारते, हाताची लहानपणापासूनची सवय फार चिवट. म्हणून निवांत असतानाचे थ्रो बघून काही कळत नाही, घाईतले बघा.

कोलंबसकर: काल रात्री बसून शेवटच्या मॅचचे चुकलेले ११ पास थांबवून थांबवून बघितले. ७ वेळा पाऊल एवढं लांब की मागचा पाय गवतावर फरफटतोय, आणि सातही बॉल वरून गेले. हात मात्र दर वेळी सारखाच, कानाजवळून झटकन, अंगावर दोघं धावून येत होते तेव्हासुद्धा. मला तर आशा वाटतेय. आता पुढच्या शनिवारी नुसता डावा पाय बघत बसणार.