प्रतिसाद: किल्ल्यात राहणं परवडतं का?

वर कुणीतरी विचारलंय की इंग्लंडमधे किल्ल्यात राहायचं म्हणजे नुसता खर्च आणि थंडीच ना, म्हणून लिहितेय. आम्ही वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टली कॅसलला तीन रात्री राहिलो होतो, चार बेडरूम, आठ माणसं, दोन कुटुंबं आणि आमचे आईबाबा. आठात भागलं की आकडा एवढा डोळ्यावर येत नाही.

हा किल्ला १९७८ च्या आगीत जळाला, तेव्हा तिथे हॉटेल होतं, मग कित्येक वर्षं नुसत्या भिंती उभ्या. लँडमार्क ट्रस्टने (जुन्या इमारती वाचवून त्या सुट्टीत राहायला भाड्याने देणारी संस्था) तो परत उभा केला पण जुन्यासारखा नाही, म्हणजे पडलेल्या भिंतींच्या आतच नवीन विटांचं घर बसवलंय, जुना दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते ते सरळ दिसतं. २०१३ ला स्टर्लिंग प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं वास्तुरचनेचं मोठं बक्षीस, मिळालं त्याला. काही भागावर तर छप्परच घातलेलं नाही, तिथे चहाचा कप घेऊन उभं राहिलं की वर आभाळ आणि समोर खिडकीची रिकामी चौकट. सासूबाई म्हणाल्या, "अगं हे अर्धवटच ठेवलंय की!"

बेडरूम खाली आणि स्वैपाकघर, बैठक वर, त्यामुळे पहिल्या रात्री पाण्यासाठी सगळे चुकीच्या दिशेने. टीव्ही नाही, मुलं आधी कुरकुरली, मग खंदकाकाठी गायब. पोहे, फोडणीचं सामान घरूनच न्या.