९६६ सायटेशन आणि सातवं नाव

पिपेटपंडित: कालच्या पोस्टनं डोकं फिरवलं, म्हणून वेगळा धागा. एका आण्विक जीवशास्त्रज्ञाच्या पेपरांची यादी टाकून, त्याच्या मोठेपणाबद्दल 'एकूण ९६६ सायटेशन, आणखी काय पुरावा हवा?' असं विचारलं होतं. हवाय पुरावा. सहा पेपरांचा संदर्भ किती वेळा दिला गेला, त्याची फोड अशी: ९००, ४०, १२, ६, ५, ३. पहिला वगळा, उरले ६६. आणि त्या ९००वाल्यात स्वारी अकरा जणांत सातवी! पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं, हे सगळ्यांना माहीत आहे. सातव्याचं योगदान पेपरातच छापलंय: 'नमुने पुरवले'.

अगारोज: म्हणून तर एच-इंडेक्स बघायचा: पाच पेपरांना प्रत्येकी निदान पाच सायटेशन, तर एच ५. हिर्शनं २००५ मध्ये काढलेला. इथे ५ येतो, ९००वाला उडवला तरी ४. एका पेपरानं तो फुगत नाही.

पिपेटपंडित: फुगत नाही, पण सातवा आणि पहिला यांतला फरकही त्याला कळत नाही. शिवाय तो खाली कधीच येत नाही. काम बंद करून बसा, जुन्या पेपरांवर वाढत राहील.

लेन_मार्कर: ती पोस्ट माझी. तो ९००वाला पद्धतीचा पेपर आहे म्हणून नाकं मुरडताय ना? सरळ बोला. लॉरीचा १९५१ चा प्रथिनं मोजण्याचा पेपर तीन लाख सायटेशनच्या वर गेलाय. डबल हेलिक्सचा १९५३ चा त्याच्या जवळपासही नाही. बाकावर रोज जे लागतं ते लोक सायट करतात. यात गुन्हा काय?

पिपेटपंडित: गुन्हा नाही, सवय. लिव्हाक-श्मिटगेनचा २००१ चा पेपर घ्या: क्यूपीसीआरमध्ये (डीएनए सायकलमागून सायकल वाढवत मोजणं) जीनची क्रिया किती पट बदलली ते काढायची डेल्टा-डेल्टा सीटी पद्धत. ती वापरली, सायटेशन चिकटवलं, झालं काम. टार्गेट (मोजायचं) आणि रेफरन्स (तुलनेचं, न बदलणारं) जीन दोन्हींची एफिशियन्सी १०० टक्क्यांच्या आसपास हवी, म्हणजे दर सायकलला डीएनए दुप्पट व्हायला हवा, ही अट तपासतो कोण? ९० टक्के असली तर २५ सायकलमध्ये साडेतीन पट चूक.

सीटी३५: थांबा. २५ कुठून काढलेत? तुलना कंट्रोल आणि ट्रीटेडची आहे. घातांकात त्यांच्या सीटीमधला (सिग्नल ज्या सायकलला दिसतो त्या आकड्यातला) फरक जातो, अख्खा सीटी नाही. फरक ५ असेल तर २ चा पाचवा घात ३२, १.९ चा सुमारे २५. दुसऱ्याला अटी शिकवताना निदान स्वतःचं गणित तरी बघावं.

पिपेटपंडित: घ्या, ३२ चे २५. गुरुजी खूश? अट तपासत नाहीत, हे तर खरंच ना?

सीटी३५: तेवढं खरं. नमुना दहा-दहा पट पातळ करत पाच बिंदू घ्या, त्यांच्या सीटीची रेषा काढा, उतार −३.१ ते −३.६ मध्ये हवा. −२.८ आला की 'एफिशियन्सी १२८ टक्के, वा!' म्हणणारे भेटतात. तो बहुधा इन्हिबिटर (पीसीआर अडवणारा पदार्थ) असतो. आरएनए काढताना ग्वानिडिन किंवा फिनॉल राहून गेलं की दाट नमुन्यांचा सीटी उशिरा येतो आणि रेषा चपटी होते. २६०/२३० (शुद्धता सांगणारं प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) बघा, सर्वांत दाट बिंदू वगळून रेषा पुन्हा काढा. रेफरन्स म्हणून एकटा जीएपीडीएच हा जीन घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ऑक्सिजन कमी पडला की पेशींत तो स्वतःच वाढतो, मग कसला रेफरन्स?

अगारोज: धागा प्रकाशनांवर होता, आठवतंय का कुणाला? आणि एच कुठला घेताय? गूगल स्कॉलर प्रीप्रिंट, प्रबंध सगळं मोजतं, त्यामुळे आकडा सहसा स्कोपस या डेटाबेसपेक्षा मोठा. नाव सामाईक असेल तर दुसऱ्याचे पेपर घुसतात ते वेगळंच.

लेन_मार्कर: मग जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी मिळणारी सायटेशन) धरा आणि मिटवा.

अगारोज: तो तर आणखी वाईट. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'चा फॅक्टर २ च्या आसपास होता, २००९ चा एकदम ५० च्या घरात. कारण शेल्ड्रिकचा शेलएक्स या स्फटिकरचना काढण्याच्या सॉफ्टवेअरवरचा एकच पेपर. त्या जर्नलात छापून आलेल्या इतरांनी काय पराक्रम केला होता? माणूस मोजायला हा आकडा वापरू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरचा डोरा जाहीरनामा २०१३ पासून सांगतोय.

सीटी३५: मेल्ट कर्व्ह (तापवून, एकच डीएनए तयार झालाय का ते बघणं) राहिला. दोन शिखरं दिसली तर उतार कितीही सुंदर असो, प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे तुकडे) बदला.

लेन_मार्कर: प्रायमर पुरे! पद्धत उपयोगी होती की नाही, एवढंच सांगा.

पिपेटपंडित: उपयोगी होती, दिलं. श्रेय पहिल्या आणि शेवटच्या नावाला. तुमच्या माणसाचं बघायचं तर ४० वाला उघडा, तिथे तो पहिला आहे. सहलेखकांची सायटेशन वजा करा आणि उरलेल्यांतली किती नुसती प्रस्तावनेतल्या यादीत आहेत ते मोजून इथे टाका.

लेन_मार्कर: टाकतो. आकडा बरा निघाला तर नवीन अट काढू नका म्हणजे झालं.