बरं करायचं ते गोळ्या घालायला? एलन ला मॉटचा प्रश्न

रानवारा: एलन ला मॉट ही बाल्टिमोरच्या आरोग्य खात्यातल्या क्षय विभागाची प्रमुख परिचारिका. पहिल्या महायुद्धात, १९१५-१६ मध्ये, ती बेल्जियमच्या आघाडीमागच्या फ्रेंच लष्करी इस्पितळात होती. १९१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सुरुवातीलाच एक सैनिक तोंडात गोळी झाडून घेतो, पण मरत नाही. त्याला जगवायचं, कारण कोर्ट मार्शल करून भिंतीपुढे उभं करून गोळ्या घालायच्यात. ती विचारते, खंदकात परत धाडायला बरे केलेले आणि हा, फरक काय? माझ्या मते काहीच नाही. लष्करी इस्पितळ म्हणजे दुरुस्तीचं गॅरेज.

सलाईन: गॅरेज म्हणणं सोपं आहे. फ्लँडर्सची, म्हणजे बेल्जियमच्या त्या आघाडीची, जमीन शेणखताची. तोफगोळ्याचा तुकडा ती माती आणि गणवेशाची चिंधी स्नायूत खोल नेतो. मेलेल्या स्नायूत रक्त नाही, म्हणून ऑक्सिजन नाही. मातीतले गॅस गँगरीनचे (मांस सडवणारे) जंतू तिथेच माजतात. जखम लगेच शिवली तर खेळ खलास. मेलेलं मांस कापायचं, जखम उघडी ठेवायची, रबरी नळ्यांतून दर २ तासांनी डाकिनचं जंतुनाशक द्रावण सोडायचं. सोडियम हायपोक्लोराइट ०.४५ ते ०.५ टक्के: कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त झालं तर जखम पोळते. भोवतीच्या कातडीवर व्हॅसलिनची पट्टी. शिवाय द्रावण ताजंच हवं, ठेवलं की त्याचा जोर उतरतो. या धबडग्यात 'हा पुढे कुठे जाणार' हा हिशोब नर्सने मांडायचा?

रानवारा: ड्रेसिंग टाळा असं ती कुठे म्हणते? करत होती आणि लिहीतही होती. इंग्लंड-फ्रान्सने पुस्तक येऊ दिलं नाही. अमेरिकेत खपत होतं, पण देश युद्धात उतरल्यावर १९१८ मध्ये तिथेही दाबलं. तिची मलमपट्टी सगळ्यांना चालली, लिखाण तेवढं नाही.

आवळा: युद्धातल्या जखमींबद्दलच्या १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं कलम १२ बघा. उपचारात कुणाला आधी घ्यायचं ते फक्त वैद्यकीय निकडीवर. फितूर की शूर, हा प्रश्नच नाही. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या जोड-करारात कलम १६: वैद्यकीय नीतीला धरून केलेल्या उपचारांबद्दल शिक्षा नाही, रुग्ण कुणीही असो.

सलाईन: म्हणजे माझंच म्हणणं. जखम बघा, माणूस नको.

रानवारा: ते रांगेपुरतं झालं. डिस्चार्जच्या कागदावर सही झाल्यावर तोंडात गोळी झाडलेल्याला कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे वॉर्डातली नर्स आजही ठरवत नाही.