नवेगाव की नागझिरा? तलावाकाठच्या सफारीविषयी सल्ला हवा आहे

सागरगोटा:
ताडोब्यात एका वाघामागे लागलेली जिप्सींची रांग पाहून आई-बाबा वैतागले होते, म्हणून या वेळी त्यांना गोंदिया-भंडाऱ्याकडचे तलावांच्या प्रदेशातले जंगल दाखवावे असा विचार आहे. दोघांना पक्ष्यांची आवड आहे. वाघ दिसलाच पाहिजे असा हट्ट नाही. नवेगाव राष्ट्रीय उद्यान निवडावे की नागझिरा, आणि कोणत्या महिन्यात जावे?

वैनगंगाकाठ:
पक्ष्यांसाठीच जायचे असेल तर नवेगाव, आणि तेही डिसेंबर-जानेवारीत. नवेगावबांधचा तलाव नैसर्गिक नाही. कोहळी समाजातील कोलू पाटलांनी तो अठराव्या शतकात बांधला असे सांगतात, आणि कोलासूर या नावाने लोक त्यांना आजही पुजतात. भोवतालच्या टेकड्यांमुळे, ज्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, पाणी अडवणे सोपे झाले असावे. हिवाळ्यात या पाण्यावर पट्टकादंब आणि स्थलांतरित बदके उतरतात. ती पाहायला जिप्सी लागत नाही, त्यामुळे एक सकाळ सफारीला आणि दुसरी दुर्बीण घेऊन तलावाकाठी द्यावी.

कोळसून:
माझे मत थोडे निराळे आहे. नागझिऱ्याचा तलाव ऐन जंगलात असल्यामुळे, उन्हाळ्यात इतर पाणवठे आटू लागले की रानगवे, सांबर, चितळ आणि नशीब असल्यास रानकुत्र्यांचा कळपही तिथे पाण्यावर येतो. मात्र विदर्भातील मे महिना वयस्कर मंडळींना सोसणारा नाही, म्हणून फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ मी सुचवेन. साकोलीहून पिटेझरीचे प्रवेशद्वार सोयीचे आहे. वाघांचे म्हणाल तर, दोन्ही जंगले 2013 मध्ये एकाच व्याघ्र प्रकल्पात आली, तरी वाघांची संख्या वाढावी म्हणून 2023 मध्ये बाहेरून वाघिणी आणून सोडाव्या लागल्या. तेव्हा ताडोब्यासारख्या दर्शनाची अपेक्षा मुळीच ठेवू नये.

सागरगोटा:
मनापासून आभार. आईला सारस पाहायचा आहे. तो सफारीत दिसेल का?

वैनगंगाकाठ:
त्याची आशा जंगलात धरू नका. सारस दाट झाडीत नव्हे, तर भाताच्या बांध्यांत आणि उथळ तलावांत वावरतो, म्हणून त्याच्यासाठी गोंदिया तालुक्यातील परसवाडा-झिलमिली परिसरात जावे लागेल. परतीची गाडी गोंदियाहून असेल तर शेवटची सकाळ तिकडे ठेवा, आणि सारसाची जोडी दिसली तरी बांध्यात उतरून जवळ जाऊ नका.