मदत हवी आहे: मेलवूडची बस कधी बंद झाली?

मंडळी, लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या मेलवूड या जुन्या सराव मैदानावर लेख लिहितोय, एका ठिकाणी अडलोय.

मूळ हे शाळेचं मैदान. मेलिंग आणि वुडलॉक या दोन पाद्र्यांच्या नावांचे तुकडे जोडून ‘मेलवूड’ झालं. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँकली प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा जागेची पार दुर्दशा होती. मला सगळ्यात भावतो तो त्यांचा नेम: खेळाडूंनी अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे क्लबच्या सामन्यांच्या मैदानावर, कपडे बदलायचे, बसने मेलवूडला जायचं आणि सराव संपला की तसंच घामेजल्या अंगाने परत येऊन अ‍ॅनफिल्डवरच आंघोळ, जेवण. अंग हळूहळू निवावं, दुखापती टळाव्यात, हा हेतू. शिवाय तो लाकडी फळ्यांचा चौकोन! चेंडू फळीवर आदळून परत येणार, मधल्याने दमेपर्यंत मारत राहायचं.

२०२० मध्ये पुरुष संघ कर्कबीच्या नव्या सराव केंद्रात गेला. २०२३ मध्ये क्लबने महिला संघासाठी मेलवूड परत घेतलं, तेव्हा फार बरं वाटलं.

तर, ही बसची पद्धत कोणत्या प्रशिक्षकाच्या काळात थांबली? एखाद्या खेळाडूच्या आत्मचरित्रात वाचलं असेल तर पुस्तक आणि प्रकरण सांगाल का? फळ्यांच्या चौकोनाचा स्पष्ट फोटो कुणाकडे असेल, तर तोही हवाय.